एकोणीस रेघांचे व्याही

आमचे व्याही जन्माला आल्यापासून एका जागी सलग बारा मिनिटं बसलेले नाहीत, आणि हे मी चिडून नाही, खात्रीने सांगतोय. बारा हा आकडा विहीणबाईंचा. सत्यनारायणाच्या पूजेला त्यांनी एकदा घड्याळ लावून पाहिलं होतं. दोघांच्या लग्नाच्या फोटोत विहीणबाई लख्ख आल्या आहेत, शालूचा काठसुद्धा ओळखू येतो, आणि शेजारी नुसता एक हललेला फेटा आहे. फोटोग्राफरने तीनदा फोटो काढला म्हणे. तिन्हीत फेटा. माझ्या मुलीला, मुग्धाला, बघायला ही मंडळी आमच्याकडे हडपसरला आली तेव्हा मुलगा बसला, विहीणबाई बसल्या, आणि हे गृहस्थ पोह्यांची बशी हातात घेऊन हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून गॅलरीत, गॅलरीतून परत हॉलमध्ये असे फिरत राहिले. मला वाटलं, घर मोजतायत. माझं डोकं तापायला तेवढं पुरतं. मी म्हणालो, "अहो, बसा की जरा." तर म्हणाले, "बसलोच आहे," आणि पुन्हा गॅलरीत गेले.

ते राहतात वारज्याला. वारजे ते हडपसर म्हणजे पुण्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि एवढा प्रवास ते बसमध्ये उभ्याने करतात. नुसतं उभ्याने नाही, पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत येरझाऱ्या घालत. एकदा मी बरोबर होतो. अर्धी बस रिकामी होती. कंडक्टरने दोन स्टॉप सहन केलं आणि मग विचारलं, "काका, चालतच जायचं होतं तर तिकीट कशाला काढलंत?" व्याह्यांना हा प्रश्न फार आवडला. त्यावर ते स्वारगेटपर्यंत त्याच्याशी चर्चा करत होते. मी खिडकीतून बाहेर बघत बसलो आणि आपली यांची ओळख नाही असं दाखवलं.

आता असा माणूस खेळावा तर कबड्डी खेळावा. पण नाही, हे खेळतात गो. गो हा चीनकडचा पटावरचा खेळ. एकोणीस उभ्या रेघा, एकोणीस आडव्या, काळ्या आणि पांढऱ्या सोंगट्या, आणि एकेक सोंगटी ठेवत समोरच्याचा मुलूख वेढत न्यायचा. दोन माणसं समोरासमोर तासन्‌तास बसून खेळतात. यातलं 'बसून' एवढंच व्याह्यांना नामंजूर होतं, म्हणून त्यांनी पटच काढून टाकला. पट डोक्यात, फोन कानाला आणि पाय रस्त्यावर. पलीकडे लोणी काळभोरचे एक निवृत्त गुरुजी. त्यांना हा खेळ व्याह्यांनीच शिकवलेला. रोज सकाळी साडेसहाला वारज्यात हे चालायला लागायचे, तिकडे लोणीत गुरुजी गोठ्याशेजारी खाट टाकून बसायचे, आणि डाव सुरू.

पट नाही म्हटल्यावर सोंगटी कुठे ठेवली ते तोंडाने सांगायला हवं. त्यासाठी जगभर लोक एक अक्षर आणि एक आकडा वापरतात. व्याह्यांना ते 'थिएटरातल्या खुर्च्यांसारखं' वाटतं. नोकरीत असताना कंपनीने त्यांना एक मशिन समजून घ्यायला तीन महिने चीनला पाठवलं होतं. मशिन किती समजलं ते कंपनीलाच ठाऊक. पण तिथल्या अतिथिगृहाच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याकडून हे गो शिकून आले आणि त्याच्याकडूनच पटाच्या रेघांची जुनी नावंही घेऊन आले. शेकडो वर्षांपूर्वी तिकडे प्रत्येक रेघेला नाव असायचं. पहिली आकाश, दुसरी पृथ्वी, पाचवी पंचमहाभूतं, सातवी सप्तर्षी, आठवी दिशा. अकरावी हिवाळा, बारावी महिना, तेरावी अधिकमास, चौदावी रानकोंबडा, पंधरावी पौर्णिमा, अठरावी देवदार आणि एकोणिसावी पाहुणा. हे मराठी व्याह्यांनीच केलेलं. एक नाव आडव्या रेघेचं, एक उभीचं, की सोंगटीचा पत्ता तयार. मी एकदा विचारलं, चीनमध्ये अजून असंच म्हणतात का? "छे, तिकडे आता कोणीच म्हणत नाही," ते छाती फुगवून म्हणाले. "वारज्यात म्हणतात."

वारज्यात म्हणजे हे एकटे. सकाळी सोसायटीच्या पार्किंगमधून "हिवाळ्यातला रानकोंबडा मारला! आता पौर्णिमा सांभाळा, गुरुजी!" असं ओरडत जाणाऱ्या माणसाबद्दल लोकांनी काय समजायचं? खालच्या मजल्यावरच्या आजींनी यांना ज्योतिष येतं असं समजून नातवाची पत्रिका आणून दिली. व्याह्यांनी ती जिन्यात चालता चालता पाहिली आणि परत देताना सांगितलं, "मुलगा चांगला आहे, पण डावा कोपरा कच्चा आहे." आजींनी घरी जाऊन नातवाला डाव्या कोपराला तेल चोळायला लावलं. व्याह्यांकडे आणखीही एक चिनी पद्धत होती. तिच्यात पटाचे चार तुकडे करायचे आणि चार कोपऱ्यांना चिनी बोलण्यातल्या चार सुरांची नावं द्यायची: सपाट, चढता, निघता आणि आत शिरता. ही त्यांनी घराला लावली. विहीणबाईंनी चष्मा कुठे आहे म्हणून विचारलं की उत्तर यायचं, "निघत्या कोपऱ्यात, तीन-पाच." विहीणबाई मला म्हणाल्या, "भाऊ, अडतीस वर्षांच्या संसारात मला एवढं कळलंय की निघता कोपरा म्हणजे न्हाणीघर."

आणि व्याह्यांना चूक म्हणून खपायची नाही. हॉटेलात गेलो तर मेन्यूकार्ड दुरुस्त करून परत देणार, भटजींना पूर्व कुठे आहे ते दाखवणार. मुग्धाच्या लग्नपत्रिकेच्या मागे कार्यालयाचा नकाशा मी स्वतः काढला होता. मी एका कारखान्यात चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो, रेघा मारणं हा माझा धंदा. पत्रिका पाहून व्याह्यांनी सगळ्या पाहुण्यांसमोर सांगितलं, "कार्यालय रस्त्याच्या अलीकडे दाखवलंय. ते पलीकडे आहे." होतं खरं पलीकडेच. पण चारचौघांत? मी दोन महिने त्यांच्याशी बोललो नाही. त्या दोन महिन्यांत मुलीचं लग्नही येऊन गेलं. व्याहीभेटीला गळाभेट झाली ती मुकाट्याने झाली. हा माझा स्वभाव, काय करणार.

गेल्या दिवाळीनंतर एका सकाळी चालता चालता त्यांच्या डाव्या डोळ्यापुढे काळा पडदा आल्यासारखं झालं. डोळ्याचा पडदा सुटला होता. उजवा डोळा लहानपणी विटी लागून अधू झालेला, त्याने उजेड-अंधार तेवढा कळतो. म्हणजे होता तो हाच एक डोळा. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला आणि सांगितलं, हा बुडबुडा पडद्याला जागेवर दाबून धरणार, त्यासाठी दहा दिवस तोंड जमिनीकडे ठेवून पालथं पडून राहायचं. जेवताना मान खाली, न्हाणीघरात जाताना मान खाली. विहीणबाईंनी विचारलं, मधूनमधून उठले तर चालेल का? डॉक्टर म्हणाले, "चालेल की. मग पांढरी काठी घेऊन ठेवा."

जावयांनी ऑपरेशनपुरती रजा काढली होती, ती संपली. बंगळुरूहून मुग्धाचा मला फोन आला. "बाबा, तुम्ही जा ना वारज्याला. ते सासूबाईंचं ऐकत नाहीयेत. तुम्ही ओरडाल तरी." आमची ही म्हणाली, "जा हो, इथे माझ्यावर ओरडता ते तिथे ओरडा, कोणाच्या तरी उपयोगी पडेल." मी दोन कपडे पिशवीत कोंबले आणि गेलो.

जाऊन बघतो तर व्याही पलंगावर पालथे, छातीखाली दोन उशा, डोकं पलंगाच्या कडेबाहेर आणि तोंड फरशीकडे. मला दिसत होती फक्त त्यांची मान. आवाज पलंगाखालून यायचा. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत हा माणूस तीनदा उठला. एकदा म्हणे दूधवाला आला असेल, एकदा म्हणे पंखा वाजतोय, तिसऱ्यांदा काहीच कारण सांगितलं नाही. मी ओरडलो. अख्ख्या मजल्याला ऐकू गेलं असेल इतका ओरडलो. ते आडवे झाले, पण पाय चालतच होते. डावा, उजवा, डावा, उजवा, गादीवर. विहीणबाई दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. आणि व्याह्यांचे ते पाय बघून मलाही बसवेना. मी उठलो, खिडकी उघडली, लावली, परत उघडली.

चारच्या सुमाराला पाय थांबले. पलंगाखालून आवाज आला, "व्याहीबुवा, गुरुजी कॅनडाला लेकाकडे गेलेत. ते उठतात तेव्हा इथे रात्र असते. मी काय करू सांगा. आणि हा डोळा गेला तर मी चालू कुठे?"

या माणसाला मी भ्यालेलं कधी पाहिलं नव्हतं. मी खेकसून म्हणालो, "चालण्याचं नंतर बघू. आधी मला तो तुमचा चिनी खेळ शिकवा."

जुन्या कॅलेंडरचं पान उलटं केलं आणि पट्टी घेऊन पट आखला. सोंगट्या म्हणून विहीणबाईंनी चिंचोके आणि पांढरे पावटे दिले. पावटे देताना म्हणाल्या, "भिजवायचे होते, पण असू देत." नावांची यादी व्याह्यांनी तोंडाने सांगितली, मी लिहून फ्रिजवर चिकटवली. चौथ्या रेघेवर भांडण झालं. तिचं नाव ऋतू, कारण तिकडे ऋतू चारच. मी म्हटलं, आपल्याकडे सहा असतात. ते म्हणाले, "पुण्यात तीनच असतात, आणि तिन्हीत रस्ते खणलेले असतात. पुढे लिहा." एकोणिसावीला पाहुणा का म्हणतात ते मी विचारलं. म्हणाले, "ते पहारेकऱ्यालाही ठाऊक नव्हतं. पाहुण्याला का आलात असं विचारायचं नसतं."

पहिला डाव सुरू झाला. त्यांनी पहिली सोंगटी सांगितली, मी दुसरी ठेवली आणि म्हणालो, "सप्तर्षीच्या ओळीत, पौर्णिमेच्या घरात ठेवलीय बघा. चौकोनात बरोबर मधोमध." पलंगाखालून आवाज आला, "बरं." मला तेव्हाच शंका यायला हवी होती. हा माणूस कशालाही नुसतं 'बरं' म्हणत नाही. पण मी आपला खेळात रंगलो होतो.

पुढचे दिवस कसे गेले ते मला विचारू नका. सकाळी चहा व्हायचा, तो ते नळीने प्यायचे, आणि डाव. जेवण, आणि डाव. दुपारी मी पेंगायला लागलो की पाय परत सुरू व्हायचे, की मी दचकून "अधिकमासात दिशा!" असं काहीतरी ओरडायचो आणि पाय थांबायचे. संपूर्ण पट त्यांच्या डोक्यात. मी एखादा चिंचोका चुकून सरकवला तर त्यांना माझ्या बोलण्यावरून कळायचं. मी प्रत्येक डाव हरलो. हरल्यावर मी चिडायचो, ते हसायचे, आणि हसताना मान हलते म्हणून विहीणबाई आतून ओरडायच्या, "हसू नका!" तीन म्हातारी माणसं त्या खोलीत अडकली होती आणि तिघांनाही बाहेर पळत सुटावंसं वाटत होतं. पण चौथ्या दिवसापासून ते उठले नाहीत. एकदाही नाही.

सातव्या दिवशी पाणी घ्यायला फ्रिज उघडला आणि यादीवर नजर गेली. एकोणिसावा पाहुणा. सात दिवसांत एकदाही त्यांनी पाहुण्याचं नाव काढलं नव्हतं. येऊन पटावरची घरं मोजली. अठरा. परत मोजली. अठराच. एकोणीस रेघा मारल्या तर त्यांच्यामध्ये घरं अठराच होणार, हे कारखान्यातल्या शिकाऊ पोराला कळतं. चौतीस वर्षं झक मारली का मी? मी विचारलं, "व्याहीबुवा, पाहुणा कुठे ठेवतात हो?"

ते म्हणाले, "सोंगटी घरात ठेवत नाहीत. रेघ रेघेला जिथे कापते, त्या बिंदूवर ठेवतात. तुम्ही बुद्धिबळासारखी चौकोनात ठेवताय."

"तुम्हाला कधी कळलं?"

"पहिल्याच चालीला. घरात ठेवली म्हणालात ना."

"म्हणजे सात दिवस तुम्ही..."

"पट अठराचा केला. डोक्यातच तर आहे, एक रेघ काढून टाकली. पाहुण्याला म्हटलं, पुढच्या वेळी या."

माझे कान तापले. मी म्हणालो, "अहो, मेन्यूकार्डावरची चूक तुम्हाला सोसत नाही, आणि मला सात दिवस बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर तुम्ही रागावला असतात," पलंगाखालून आवाज आला. "रागावून हडपसरची बस धरली असतीत. मग दोन महिने आला नसतात. आणि मी उठलो असतो हो, व्याहीबुवा. मला माझी खात्री नाही."

मी त्या मानेकडे बघत उभा राहिलो. मग स्वयंपाकघरात जाऊन उगाचच नळ सोडला. विहीणबाईंनी विचारलं, काय झालं? मी म्हटलं, काही नाही, हात धुतोय. परत आलो, पटावरचे सगळे पावटे-चिंचोके उचलून रेघा एकमेकींना कापतात तिथे मांडले आणि म्हणालो, "चला. बोलवा तुमच्या पाहुण्याला." त्या डावातही मी हरलोच, पण पाहुण्याच्या रेघेवर सोंगटी ठेवताना मला फार बरं वाटलं.

दहा दिवस झाले. डॉक्टरांनी तपासून "जमलंय" एवढंच सांगितलं, आणि त्यांच्या तोंडून ते पुष्कळ होतं. बुडबुडा हळूहळू विरतो, तोपर्यंत सगळं पाण्यातून पाहिल्यासारखं दिसतं. तो पूर्ण विरला त्यानंतरच्या रविवारी मी वारज्याला गेलो. जाताना जाड ड्रॉइंग पेपरवर नवा पट काढून नेला. जुना ड्रॉइंग बोर्ड माळ्यावरून खाली काढला, टी-स्क्वेअर पुसून घेतला, पेन्सिलीला टोक केलं, मग शाई. दोन दिवस लागले. एकोणीस बाय एकोणीस, केसभराचा फरक नाही. म्हटलं, आता मेन्यूकार्डवाले काय चूक काढतात बघू.

व्याही उभेच होते, अर्थातच. मी टेबलावर कागद पसरला. त्यांनी उजव्या डोळ्यावर हात ठेवला, वाकले, आणि खूप वेळ बघत राहिले. त्यांना एका जागी इतका वेळ उभं मी पाहिलं नव्हतं. मग खुशीत, अगदी पूर्वीच्या सुरात म्हणाले, "काय हे व्याहीबुवा, ड्राफ्ट्समन ना तुम्ही? मधल्या रेघा वाकड्या आल्यात. सप्तर्षीपासून हिवाळ्यापर्यंत सगळ्या पोटात गेल्यात."

मी कागदाकडे पाहिलं. रेघा सरळ होत्या. मग विहीणबाईंकडे पाहिलं. त्या हातातला कप तसाच धरून उभ्या होत्या, कारण आम्ही निघताना डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाजूला घेऊन सांगितलं होतं, पडदा परत बसला तरी कधीकधी नीट बसत नाही, सरळ गोष्टी वाकड्या दिसतात. सहा महिन्यांत सुधारेल, किंवा नाही सुधारणार.

कारखान्यात अर्ध्या मिलिमीटरवरून मी साहेबांशी भांडलोय. माझी रेघ चुकली असं मी बापजन्मी कोणाला म्हणू दिलेलं नाही. मी म्हणालो, "हो, पट्टी सरकली माझी. हात कापतो हल्ली."

"होतं असं," व्याही म्हणाले आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. "वय झालं आपलं. खेळायला काही अडत नाही."

तेव्हापासून दर रविवारी मी तोच कागद घेऊन जातो. ते विचारतात, नवा काढला नाहीत का? मी सांगतो, वेळ झाला नाही. ते हॉलमधून गॅलरीत, गॅलरीतून हॉलमध्ये फिरत चाली सांगतात, मी सोंगट्या ठेवतो, आणि अधूनमधून ते टेबलाशी येऊन, वाकून, माझ्या रेघांना नावं ठेवून जातात. मी निमूट ऐकून घेतो. सहा महिने व्हायला अजून सात रविवार आहेत. एखाद्या रविवारी ते वाकतील, कागदाकडे बघतील आणि माझ्यावर खेकसतील, "रेघा तर सरळ आहेत की हो! इतके दिवस खोटं का बोललात?" त्या दिवशी त्यांनी मला सबंध वारज्यासमोर खोटारडा म्हटलं तरी चालेल.